मिसाओचं मत

इत्सुको लग्न होऊन तेरुओच्या घरी आली तेव्हा तिची पन्नाशी उलटलेली होती. आईचं करता करता तिचं लग्न राहून गेलं होतं, आणि आई गेल्यावर कोणा मावशीने मध्ये पडून हे जमवलं. तेरुओ बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होता. विधुर, अबोल, व्यसन नाही, मूलबाळ नाही. मावशीने एवढंच सांगितलं आणि इत्सुकोनेही त्यापलीकडे काही विचारलं नाही. घरात पाऊल टाकल्यापासून एक काम तिने कोणी न सांगता अंगावर घेतलं. सकाळी भात झाला की पहिली वाटी देव्हाऱ्यातल्या मिसाओच्या फोटोपुढे ठेवायची. मिसाओ म्हणजे तेरुओची पहिली बायको. फोटोत ती मान जराशी तिरकी करून बघत होती, कोणीतरी हाक मारल्यासारखी. इत्सुकोला तिचा कधी जाच वाटला नाही. तेरुओ तिच्याविषयी बोलत नसे, आणि ज्या बाईविषयी कोणी बोलतच नाही तिच्याशी स्पर्धा कसली करायची?

अशी अकरा वर्षं निवांत गेली. मग एका नोव्हेंबरात मिसाओचा धाकटा भाऊ यासुनोरी डोंगराकडच्या गावाहून गाडी घेऊन आला. गावचं जुनं घर तो पाडणार होता. माळ्यावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा निघाला होता, तो त्याने दारातच इत्सुकोच्या हातात दिला. तेरुओ कामावर गेला होता. यासुनोरी चहालाही थांबला नाही; संध्याकाळच्या आत घाट चढायचा होता. डब्यात कॅसेटी होत्या.

"ताईच्या आहेत, वहिनी," तो म्हणाला. "बाबांसाठी भरायची ती. मला टाकवेनात. भाऊजींना विचारा आणि त्यांना काय करायचं ते करू दे."

तेरुओ दुपारी आला, डब्याकडे एकदा बघितलं आणि जेवायला बसला. जेवण झाल्यावर म्हणाला, टाकून दे. थोड्या वेळाने म्हणाला, नको, ठेव कुठेतरी. मग आंघोळीला गेला. इत्सुकोने डबा देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवला.

तो तिथे आठवडाभरही राहिला नाही. घरी दुसरं माणूस नसलं की हात आपोआप नको तिथे जातो, तसा एका सकाळी इत्सुकोचा हात डब्याकडे गेला. स्वयंपाकघरात तिचा जुना रेडिओ होता, त्यात कॅसेट चालायची. तिने वरचीच एक उचलून लावली. मुळे सोलायला घेतले होते, ते हातातच राहिले.

"बाबा, मी मिसाओ. आज जरा सर्दी आहे, आवाज बसलाय, सांभाळून घ्या."

मिसाओचा म्हातारा बाप ऐन चाळिशीतच आंधळा झाला होता. रेडिओवर कथा लागली की त्याला मध्येच झोप लागे आणि जाग येईपर्यंत गोष्ट पुढे निघून गेलेली असे. म्हणून लेकीने कविता वाचायला सुरुवात केली; कविता झोप लागण्याच्या आत संपते. हे सगळं इत्सुकोला कॅसेटींमधूनच कळत गेलं. मिसाओ काही शिकलीसवरलेली नव्हती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होती. कविता तिला कुठेही मिळत: वाचनालयाच्या फिरत्या गाडीतून आणलेली पुस्तकं, शाळेचं जुनं पाठ्यपुस्तक, दवाखान्यातलं कॅलेंडर, रविवारच्या पेपरात वाचकांनी पाठवलेल्या चार चार ओळी. ती कविता वाचायची, बाबांना नीट कळावी म्हणून सावकाश पुन्हा वाचायची, आणि मग आपलं मत द्यायची.

पहिल्या दिवशी इत्सुकोने ऐकली ती हजारएक वर्षांपूर्वीच्या कोणा दरबारी बाईची कविता होती. चंद्र मावळेपर्यंत ती वाट बघत बसते, माणूस येत नाही, डोळे पुसून बाही भिजते. कविता संपली. मिसाओने नाक शिंकरलं.

"बाबा, मला विचाराल तर तो येणार नाही हे हिला जेवणाच्या वेळेलाच कळलं होतं. कविता करायची होती म्हणून बाई जागी राहिली. मी असते तर जेवून झोपले असते. असो, मला काय कळतं."

इत्सुकोला हसू फुटलं. आपण एकट्याच हसतो आहोत हे ध्यानात आल्यावर तिने दाराकडे बघितलं, आणि मुळा पुन्हा सोलायला घेतला.

त्यानंतर रोज तेरुओ गेला की कॅसेट लागू लागली. शाळा सुटल्यापासून इत्सुकोने कवितेचं तोंड पाहिलं नव्हतं. शाळेत गुरुजी उभं करून म्हणायला लावत आणि ती नेहमी मधली ओळ विसरे. इथे विसरायचं काही नव्हतं, नुसतं ऐकायचं. डोंगरात एकट्याने राहणाऱ्या एका भिक्षूची कविता होती, शांततेचं कौतुक करणारी. त्यावर मिसाओ म्हणाली, एवढा एकांत गोड लागतो तर आम्हाला कळवायची गरज काय? बर्फावरच्या एका नावाजलेल्या कवितेवर तिने मत दिलं की या गृहस्थाने छपरावरचा बर्फ जन्मात कधी ओढून काढलेला नाही, बाबांनी ही यासुनोरीला ऐकवावी, फावडं हातात असताना. आईच्या हातांवरची एक कविता त्या काळी प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी म्हणायचंच. ती वाचताना मात्र मिसाओचा आवाज भरून आला. मग म्हणाली, "रडले मी. सगळेच रडतात. आणि रडून झालं की मला तिचा राग येतो. दुसऱ्याच्या खिशात हात घालून रुमाल काढावा तसं आहे हे, बाबा. रुमाल माझाच, पण मी दिला नव्हता."

तिच्या बोलण्यामागे घर ऐकू यायचं. याच स्वयंपाकघराच्या सरकत्या दाराची करकर यायची, आणि ती अजूनही तशीच होती. बाहेरून होड्यांच्या इंजिनांची धडधड. एकदा लांबून एक पुरुष विचारतो, मोजे कुठे आहेत, आणि मिसाओ कवितेच्या मध्येच ओरडते, दांडीवर. तो तेरुओ होता. इत्सुकोने तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. तेरुओचा इतका मोकळा, जरासा लाडावलेला आवाज तिने कधीच ऐकला नव्हता. तिला तो मोजे विचारत नसे, स्वतःच शोधून घेई.

डिसेंबर लागला तशी इत्सुकोच्या ध्यानात एक गोष्ट आली. मिसाओ कॅसेटीपुरती राहिली नव्हती. पेपरातली एखादी कविता नजरेखालून गेली की शेवटच्या ओळीपाठोपाठ मत यायचं, आणि ते इत्सुकोचं नसायचं. इत्सुकोला मतं द्यायची सवयच नव्हती. मान तिरकी केल्यासारखा तो आवाज आतून म्हणायचा, हा माणूस गेल्या आठवड्यातही हेच रडला होता. बँकेच्या भिंतीवर कोणीतरी सुंदर अक्षरात चार ओळी लिहून टांगल्या होत्या. रांगेत उभी असताना तिने त्या वाचल्या, तर मिसाओ म्हणाली, अक्षराला पूर्ण गुण. या कविता मिसाओने वाचलेल्या असणं शक्य नव्हतं. ती जाऊन सतरा वर्षं झाली होती. इत्सुको रांगेतून तशीच घरी परत आली आणि हात धुतले, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

सकाळी फोटोपुढे भात ठेवताना आता तिची नजर खाली राहू लागली. अकरा वर्षांत कधी वाटलं नव्हतं ते वाटू लागलं, की ही बाई आपल्याकडे बघते आहे. नुसती बघत नाही, आपल्याविषयी तिचं काहीतरी मत आहे, आणि ते ती अजून बोललेली नाही.

एका संध्याकाळी दोघं जेवत होती. तेरुओ म्हणाला की समुद्राचा रंग फिरलाय, एकदोन दिवसांत आभाळ गडगडायला लागेल आणि बुरी मासे खाडीत शिरतील, बर्फाची मागणी वाढेल. इत्सुकोने मिसोच्या साराची वाटी पुढे सरकवली.

"दरवर्षी तुम्ही हेच सांगता आणि दरवर्षी मासे आपल्या सवडीने येतात," ती म्हणाली. "असो, मला काय कळतं."

तेरुओच्या हातातल्या जेवणाच्या काड्या वाटीच्या काठावर थांबल्या. त्याने मान वर केली नाही. इत्सुकोला आपण काय बोललो ते एका क्षणानंतर कळलं.

"ऐकतेस तू त्या," तो म्हणाला.

हो, ती म्हणाली.

"शेवटची ऐकलीस?"

ती म्हणाली, नाही, क्रमाने ऐकते आहे. शेवटची कुठली ते तिला माहीतही नव्हतं. तो उठला, वाटी धुऊन पालथी घातली आणि टीव्ही लावला. टीव्हीत काय चाललं होतं ते दोघांपैकी कोणालाच कळलं नसेल.

शेवटच्या कॅसेटींकडे इत्सुको त्यामुळेच लवकर पोचली. क्रम सोडून तिने डब्याच्या तळाशी हात घातला. तिथल्या मिसाओचा आवाज बारीक झाला होता. ओळीच्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता आणि ती त्याचं खापर जिन्यावर फोडत होती. आजाराचं बाबांना सांगितलेलं नव्हतं. एका कॅसेटीत ती म्हणते, आज वाचतील हे, मी नुसतं मत देणार, मोठी माणसं असंच करतात. मग तेरुओ वाचतो. वाईट वाचतो. बर्फाच्या लाद्या मोजाव्यात तसे शब्द एकेक करून खाली ठेवतो. मिसाओ हसत सुटते, हसता हसता तिला खोकला येतो आणि कॅसेट बंद होते.

त्याखाली एकच उरली होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ती लावली त्या सकाळी आभाळ खाली उतरलं होतं, आणि दुरून, पाण्यावरून, पहिला गडगडाट येत होता.

कॅसेटीत तेरुओ एकटाच होता. तो म्हणाला, "बाबा, मी तेरुओ. तिने पुढच्या वेळेसाठी एका पानात कागद घालून ठेवला होता. ते वाचतो." आणि त्याने वाचलं. कोणा फारशा ठाऊक नसलेल्या कवीची साधी कविता होती. नाव सुटली आहे. नावेतला माणूस मागे बघतो, तर धक्का धुक्यात बुडालेला. कोण निरोप द्यायला आलं आहे ते त्याला दिसत नाही, त्यांनाही तो दिसत नसणार. तरी तो हात हलवत राहतो. एवढंच. तेरुओने ती ठेचकाळत वाचली, मिसाओ वाचायची तशी पुन्हा सावकाश वाचली, आणि थांबला.

आता मत यायचं. इत्सुको रेडिओसमोर बसली होती, हातातलं फडकं मांडीवर. कॅसेटीतून काहीच येईना. नुसती खरखर. फ्रिजची घरघर. तेरुओचा श्वास, मध्येच अडकणारा. तो बटण दाबत नव्हता. ज्या जागी इतकी वर्षं कोणीतरी बोलत आलं होतं, ती जागा त्याने सवयीने मोकळी सोडली होती आणि आता त्याला ती बंद करता येत नव्हती. खरखर चालूच राहिली. इत्सुकोलाही उठून ती बंद करता येईना. आणि त्या जागेत, कॅसेटीत नव्हे, तिच्या स्वतःच्या तोंडून, शब्द आले.

"धुक्यात हात काय हलवायचा? हाक मारायची असते. असो, मला काय कळतं."

मागे दार करकरलं. तेरुओ उभा होता. समुद्र खवळला म्हणून होड्या निघाल्याच नव्हत्या आणि कारखान्यातून सगळ्यांना घरी पाठवलं होतं. त्याची टोपी हातात होती आणि तोंड राखेसारखं झालं होतं.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

इत्सुको उठली. आपण असं का बोललो ते समजावून सांगायला लागली, पण त्याने तिला थांबवलं आणि तेच पुन्हा म्हणायला सांगितलं. ती म्हणाली. तो दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसला, ओल्या बुटांसकट.

मग त्याने सांगितलं, आणि अकरा वर्षांत तो सलग इतकं बोललेला तिने ऐकलं नव्हतं. मिसाओ गेल्यावर त्याने ती कॅसेट भरून गावी पाठवली होती. हिवाळ्यात घाट बंद असतो. वसंतात रस्ता उघडला तेव्हा तो म्हाताऱ्याला भेटायला गेला. म्हातारा वेडा झालेला नव्हता. मुलीच्या अस्थी त्याने स्वतःच्या हाताने उचलल्या होत्या, ती गेली हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो चुलीपाशी बसला होता. म्हणाला, शेवटची छान झाली, तू वाचलंस वाईट, पण तिचं म्हणणं बरोबर आहे. तेरुओने विचारलं, कोणाचं? म्हातारा म्हणाला, मिसाओचं, आणखी कोणाचं? धुक्यात हात हलवून काय उपयोग, हाक मारायची असते. आणि हसून म्हणाला, आंधळ्याच्या पोरीलाच हे सुचणार.

"मी ती कॅसेट परत मागितली नाही," तेरुओ म्हणाला. "ऐकायची हिंमत झाली नाही. काही ऐकू आलं असतं तर काय करायचं, आणि नसतं आलं तर काय करायचं?"

बाहेर पुन्हा गडगडलं. रेडिओतली खरखर कधीच संपली होती, बटण आपोआप वर आलं होतं.

इत्सुको म्हणाली, "त्यात काही नाहीये. मी नीट ऐकलं. तुमचा श्वास आहे आणि फ्रिज आहे. मी बोलले ते मीच बोलले. आणि म्हातारबाबाही स्वतःच बोलले असतील. तिचं इतकं ऐकल्यावर कोणाच्याही तोंडून तेच येईल."

तेरुओने हातातली टोपी जमिनीवर ठेवली.

"मी तिच्याबरोबर एकवीस वर्षं राहिलो," तो म्हणाला. "रोज ऐकायचो. माझ्या तोंडून नाही आलं."

इत्सुको त्याच्याजवळ खाली बसली आणि त्याचे बूट काढले. मग त्यानेच सांगितलं, लाव. तिने कॅसेट मागे नेली. दोघं जमिनीवरच बसून ऐकत राहिली: आधी त्याचा तरुण आवाज, मग कविता, मग पुन्हा कविता, मग खरखर. तो डोळे मिटून बसला होता आणि मान जरा पुढे होती, जसं ऐकू कमी येणारं माणूस बसतं. इत्सुको त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला कळलं की आपल्याला भीती वाटते आहे ती त्याला काही ऐकू येईल याची. कॅसेट संपली. त्याने डोळे उघडले आणि नकारार्थी मान हलवली. नंतर तो रडला. वरच्या मजल्यावर काहीतरी हललं असं इत्सुकोला वाटलं. वारा होता, खिडकीची झडप होती. तरी ती उठून बघायला गेली नाही.

त्या आठवड्यात बुरी मासे आले आणि तेरुओ अंधार असतानाच घराबाहेर पडू लागला. इत्सुकोने डबा पुन्हा कपाटात ठेवला. नवीन वर्षाच्या तयारीत, झाडलोटीत, एक दिवस तिच्या लक्षात आलं की घर गप्प आहे. दवाखान्यात नवं कॅलेंडर लागलं होतं, त्यावर कविता होती. तिने ती वाचली आणि थांबली. काही आलं नाही. पुन्हा वाचली. आत कोणीच नव्हतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी घरी येताना तिला असं वाटत राहिलं की पुलावर कोणालातरी मागे ठेवून आपण एकट्याच पुढे निघून आलो आहोत. दोनदा तिने मागे वळून बघितलं. तिने एक जुनी कॅसेट लावून बघितली. मिसाओ बोलली, हसली, बाबांना सर्दीला आलं उकळून घ्या म्हणाली. पण आता ती फक्त तिच्या बाबांशी बोलत होती. इत्सुको कोणाचं तरी संभाषण दाराआडून ऐकणारी बाई झाली होती. तिने रेडिओ बंद केला.

मार्चमधल्या एका रविवारी तेरुओ घरी होता. चहा पिता पिता त्याने पेपर उलगडला आणि बराच वेळ एकाच पानावर थांबला. मग खाकरला आणि वाचकांच्या कवितांमधली एक मोठ्याने वाचली, तशीच ठेचकाळत. कोणा शेजारच्या जिल्ह्यातल्या बाईने पाठवली होती. दिवंगत नवऱ्याचा कोट ती दरवर्षी उन्हात वाळत घालते, आणि यंदा तो कोणालातरी देऊन टाकते. त्याने ती पुन्हा वाचली. मग पेपर खाली घेतला आणि इत्सुकोकडे बघितलं.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

इत्सुकोने सवयीने तोंड उघडलं. कोणी काही पुरवलं नाही. तिला शाळेत उभी असल्यासारखं झालं, मधली ओळ विसरल्यासारखं. तेरुओ वाट बघत होता. तो चहाही पीत नव्हता.

"मला ती बाई आवडली नाही," ती शेवटी म्हणाली.

"का?"

"ते अजून कळलं नाही. थांबा जरा."

तो थांबला.